चितारआळीत फिरायला जाऊ, पण बघायचं काय?



आज बोलायचं आहे सहलीबद्दल. आपले बचत गट वर्षातून एकदा तरी बाहेर पडतात. गणपतीपुळे, पावस, मार्लेश्वर, नाहीतर कोल्हापूरची अंबाबाई आणि येताना जोतिबा. दर्शन होतं, समुद्र बघून होतो, फोटो होतात. चार दिवस घराबाहेरची हवा लागल्यासारखं वाटतं, आणि तेही हवंच. पण लांजा तालुक्यातल्या गटांसोबत काम करताना आम्हाला वाटतं, की वर्षातली एक सहल अशी असावी जिथून आपण धंद्याची अक्कल घेऊन परत येऊ. अशी एक जागा आपल्यापासून फार लांब नाही. ती म्हणजे सावंतवाडीची चितारआळी.

शहरांमध्ये हल्ली 'वारसा फेरी' निघते. इंग्रजीत तिला हेरिटेज वॉक म्हणतात. दहा-वीस माणसं एकत्र येतात, सोबत एक माहितगार वाटाड्या असतो, आणि जुन्या वस्तीतून दोन-तीन तास पायी फिरत तो एकेक गोष्ट समजावून सांगतो. बसमधून दिसत नाही ते पायी दिसतं, आणि एकटीने फिरताना कळत नाही ते सांगणारं कोणी असलं की कळतं. पुण्यात कसबा पेठेत अशा फेऱ्या निघतात, मुंबईत फोर्ट भागात निघतात. यातली कारागिरांच्या आळीतली फेरी आपल्या सर्वात कामाची, कारण तिथे दगडविटांपेक्षा हाताने काम करणारी माणसं भेटतात. आपणही हातानेच काम करणाऱ्या आहोत.

आळी का तयार होते?

आपल्या गावातल्या वाड्यांची नावं आठवा. कुंभारवाडी, सुतारवाडी, तेलीवाडी, गुरववाडी. एक काम करणारी घरं एका ठिकाणी वसली आणि कामाचं नाव जागेला मिळालं. यात जातीची बांधणी होती. कोणी कुठे राहायचं आणि कोणतं काम करायचं हे जन्मावर ठरत होतं, हे विसरून चालणार नाही. पण एकत्र राहण्याचा कामाला उपयोगही होत होता. एकाने कच्चा माल आणला की चौघांना मिळायचा, अवजार मोडलं तर शेजारचं मागता यायचं, आणि लहान पोर चार घरं हिंडून बघून बघूनच शिकायचं. गिऱ्हाइकालाही कुठे जायचं ते ठाऊक असायचं.

सावंतवाडीच्या चितारी लोकांची आळी ती चितारआळी. चितारी म्हणजे चित्र काढणारा, रंगवणारा. कोकणात आणि गोव्यात चितारी घराणी लाकडावर रंगकाम करतात, गणपतीच्या मूर्तीही घडवतात आणि रंगवतात. सावंतवाडी हे भोसल्यांचं संस्थान होतं. तिथल्या राजवाड्यासमोर मोती तलाव आहे आणि तलावापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर चितारआळी आहे. कारागिराला राजाश्रय मिळाला की पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, खेळणी यांना कायमचं गिऱ्हाईक मिळतं. चितारआळी उभी राहिली ती अशा आधारावर. तिसरे खेम सावंत यांनी १७५५ ते १८०३ अशी जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं राज्य केलं आणि तो काळ तिथल्या कलांच्या भरभराटीचा मानला जातो.

आपल्यातल्या मोठ्या बायकांना आठवत असेल, की सावंतवाडी पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होती. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. म्हणजे ही कला परक्या मुलखातली नाही. आपल्या घरातल्या रुखवतात मांडलेली लाकडी फळं, पोरीची रंगीत भातुकली, तिथलीच असण्याची शक्यता मोठी.

कुंपणाच्या झाडाची खेळणी

आळीत गेल्यावर पहिल्यांदा रंगांकडे डोळे जातात. आंबा, काजू, केळं, वांगं, मिरची, सगळं हुबेहूब. पण आपण आधी लाकूड बघायचं. या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरलं जातं ते पांगाऱ्याचं लाकूड. पांगारा आपल्याला नवा नाही. शिमग्याच्या सुमाराला पानं झडून लालभडक फुलतो, अंगावर काटे असतात, कुंपणाला लावतात, त्याच्यावर मिरवेल चढवतात. चुलीला तो फारसा कामाचा नाही, इमारतीला तर नाहीच. पण त्याचं लाकूड पांढरट, हलकं आणि मऊ असतं. कोरायला सोपं, आणि लहान मुलाच्या हातात जड होत नाही. ज्या झाडाला आपण कुंपणापलीकडे किंमत दिली नाही, त्याच्यावर एका आळीचं पोट चाललं. पाटाला आणि चौरंगाला मात्र वजन पेलायचं असतं, म्हणून तिथे फणस, आंबा, शिवण असं टणक लाकूड लागतं.

लाकूड कापून आणलं की आधी वाळवावं लागतं. घाई केली आणि ओलं लाकूड वापरलं, तर पुढे तडा जातो आणि रंग उडतो. वाळल्यावर तुकडे पाडायचे, आकार कोरायचा, कानसाने आणि पॉलिश कागदाने गुळगुळीत करायचं. बारीक भोकं आणि चिरा लुकण भरून बुजवायच्या. मग अस्तराचा हात, तो सुकल्यावर रंग, तो सुकल्यावर बारीक रेघा, आणि शेवटी चकाकी. प्रत्येक हातानंतर वाळण्याची वाट बघायची. आपल्या पावसात वाळायला किती वेळ लागतो ते पापड घालणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

भोवरा, लाटणं, पाळण्याचे खांब अशा गोल वस्तू लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर करतात. लाखेच्या कामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाने लाख गरम होऊन वितळते आणि लाकडाला बसते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी या रीतीने होतात. सावंतवाडीची खासियत कोरीव आकार आणि हाताचं रंगकाम ही आहे. बाजारात दोन्ही प्रकार शेजारी मांडलेले असू शकतात. दोन्ही चांगलेच, पण कुठलं कुठलं ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

गंजिफा कशा वाचल्या

सावंतवाडीची दुसरी ओळख म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या आपल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंगांचे ९६ पत्ते असत. आपल्याकडे त्याची दशावतारी गंजिफा झाली. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत दहा पत्ते. बारा दाहे एकशेवीस. मत्स्य अवताराच्या पत्त्यावर मासे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं, परशुरामाच्या पत्त्यावर परशू. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा मान पहिला, रात्री कृष्णाचा. आपल्याकडे दशावताराचे खेळ रात्रभर चालतात. तेच दहा अवतार इथे हाताच्या तळव्यात मावतात.

पत्ता करायची रीतही ऐकण्यासारखी आहे. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वाळवायचे, खडूच्या पुटाने पांढरे करायचे, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे आणि बारीक कुंचल्याने रंगवायचे. असे १२० पत्ते, सगळ्यांच्या पाठी सारख्या. एक पाठ जरी वेगळी दिसली तरी खेळणाऱ्याला पत्ता ओळखता येईल आणि सगळा जोड वाया जाईल.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले तेव्हा गंजिफा मागे पडल्या. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेलं, राजाश्रय गेला, आणि एक वेळ अशी आली की हे काम जाणणारे हात मोजकेच राहिले. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वयस्क कारागिराकडून ही विद्या समजून घेतली, आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच काम पुन्हा सुरू केलं. राणीने स्वतः कुंचला हातात धरला. आज राजवाड्यात बसून गंजिफा रंगवणाऱ्यांमध्ये बायका आहेत. जे काम घराण्यातून बापाकडून मुलाकडे जायचं, ते शिकवणी सुरू झाल्यावर बायकांच्या हाती आलं. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालं तेच हे मानांकन. दुसरीकडच्या कोणी तेच नाव लावून माल विकू नये, यासाठी ते असतं.

यातून गटांनी एक गोष्ट उचलायची. कला एका म्हाताऱ्या माणसापाशी उरली होती. कोणी विचारायला गेलं म्हणून ती वाचली.

बघायला जाणं आणि काम थांबवणं

आता पैशाचं बोलू. वीस बायका एका कारखान्यात शिरल्या, की कारागिराला हातातलं काम खाली ठेवावं लागतं. कोरून दाखवायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची, सामान सरकवून जागा करायची. यात सहज तास जातो. वीसजणींनी फोटो काढले, चार कीचेन घेतल्या आणि त्यावरही घासाघीस केली, तर त्या माणसाला पाहुण्यांचं येणं परवडत नाही. पुढच्या वेळी तो दार अर्धवट लावून घेतो, आणि पोराला सांगतो की शीक बाबा दुसरं काहीतरी. असं झालं तर जुनी आळी बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढत जाते आणि आळीतलं काम मात्र कमी होत जातं.

म्हणून फेरीचा मोबदला आधी ठरवून जायचं. एक हिशेब मांडून बघू. समजा वीसजणींनी प्रत्येकी शंभर रुपये काढले. झाले दोन हजार. त्यातले आठशे आळीतल्याच वाटाड्याला, तीन ठिकाणी काम दाखवणाऱ्यांना प्रत्येकी तीनशे म्हणजे नऊशे, आणि उरलेले तीनशे चहापाण्याला. आकडे आपल्या सोयीने बदला, पण दोन गोष्टी बदलू नका. वाटाड्या शक्यतो त्याच आळीतला असावा, आणि दाखवणाऱ्याच्या वेळेचे पैसे वस्तूच्या किमतीत धरायचे नाहीत, वेगळे द्यायचे. वस्तू घ्यायची की नाही हे मग ज्याचं त्याने ठरवावं.

घासाघिशीबद्दल एवढंच म्हणू. तालुक्याच्या प्रदर्शनात आपल्या आगळाच्या बाटलीला कोणी म्हणतं, "वहिनी, दहा रुपये कमी करा", तेव्हा आपल्या मनात काय येतं? रातांबे गोळा करण्यापासून बाटली धुण्यापर्यंतची सगळी मेहनत डोळ्यांपुढे येते. चितारआळीत दुकानाच्या अलीकडे उभं राहताना ते आठवावं.

फोटो काढण्याआधी विचारावं. काही नमुने त्या घराने स्वतः बसवलेले असतात. ते फोटोत घेऊन दुसरीकडून करवून आणणं ही चोरीच आहे.

काय विचारायचं?

गटाने जाण्यापूर्वी बैठकीत प्रश्न वाटून घ्यावेत. एकीने एकच प्रश्न धरायचा आणि उत्तर वहीत लिहायचं. आम्ही सुचवू ते असे.

पहिला, लाकूड कुठून येतं आणि पूर्वीइतकं मिळतं का? पांगारा कमी झाला तर खेळणं महाग होणार, हे उघड आहे. आपल्या कुंपणात पांगारा लावता येतो.

दुसरा, ही वस्तू इथेच झाली का? दुकानात बाहेरचा माल असेल तर प्रामाणिक दुकानदार तसं सांगतो. हाताने केलेल्या दोन वस्तू नेमक्या सारख्या नसतात. रेघ जराशी जाड-बारीक होते. अगदी साच्यातून काढल्यासारखी दिसली तर विचारावं.

तिसरा, वर्षातला कोणता काळ तेजीचा आणि कोणता मंदीचा? मंदीत घर कशावर चालतं?

चौथा, रंग कोणता? लहान मूल खेळणं तोंडात घालतं, त्यामुळे हा प्रश्न आईने विचारलाच पाहिजे.

पाचवा, घरातल्या बायका यातलं कोणतं काम करतात आणि त्याचे पैसे कसे धरतात? घरच्या धंद्यात घासणं, अस्तर लावणं, वाळत घालणं, बांधून देणं ही कामं मोजली जात नाहीत, हा अनुभव आपल्या गावातही आहे. त्या बाईशी बसून बोललं तर तिलाही बरं वाटेल आणि आपल्यालाही दर ठरवायची शिस्त लागेल.

पुण्याची तांबट आळी

आळी टिकवायची तर जुनीच वस्तू जुन्याच रीतीने विकत राहायचं का? याचं उत्तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मिळतं. तिथले तांबट मूळचे आपल्या कोकणातलेच, पेशवाईच्या काळात पुण्यात गेलेले. तांब्याचे हंडे, घंगाळ, पाणी तापवायचे बंब त्यांनी घडवले. तांब्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन नक्षी उठवायची आणि पत्रा कणखर करायचा, याला मठारकाम म्हणतात. त्या आळीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज ऐकू येतो. पुढे स्टील आलं, गिझर आले, आणि बंबाचं गिऱ्हाईक गेलं. तेव्हा वारसा जपणाऱ्या 'इन्टॅक' या संस्थेच्या पुणे शाखेने तांबटांबरोबर बसून नव्या घरांना लागतील अशा वस्तू बसवल्या. ठोका जुनाच ठेवला, वस्तू बदलली. चितारआळीतही हेच दिसतं. पाट-चौरंगांबरोबर आता ट्रे, डबे आणि भिंतीवर लावायच्या वस्तू मांडलेल्या असतात.

परत आल्यावर

सहलीचा खरा उपयोग परत आल्यावर होतो. आपल्या वाडीत सूप, रोवळी, डालगं विणणारी बाई आहे का? इरलं विणता येणारा शेवटचा म्हातारा कोण? मडकी घडवणारं घर अजून चाक फिरवतं का? गटाच्या पुढच्या बैठकीत त्यांना बोलवा, त्यांचं काम बघा, आणि ते लिहून ठेवा. सूप विणायला बांबू कोणता, किती दिवसांचा, कुठल्या महिन्यात तोडलेला, हे सगळं एका डोक्यात असतं आणि ते डोकं गेलं की संपतं.

अशा कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे. तीत अठरा व्यवसाय धरले आहेत. टोपल्या, चटया, केरसुण्या करणारे, कुंभार, सुतार, लोहार, बाहुल्या आणि खेळणी करणारे हे सगळे त्यात येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. बुरूडकाम प्रत्यक्षात बाई करत असेल, तर अर्ज तिच्याच नावाने व्हावा, एवढं गटाने बघावं.

आणि एक. आपल्या तालुक्यात कातळशिल्पं आहेत, ती बघायला बाहेरची माणसं येऊ लागली आहेत. उद्या ती आपल्या वाडीतही येतील. त्यांना फिरवून आणणारी, माहिती सांगणारी बाई आपल्या गटातली का असू नये? पण त्यासाठी चांगली वाटाडी कशी बोलते, पाहुण्यांकडून पैसे कसे घेते, कुठे थांबते, काय दाखवत नाही, हे एकदा पाहुणी होऊन बघायला हवं.

जाणं अवघड नाही. एसटीने राजापूर, कणकवली, कुडाळ करत सावंतवाडी गाठता येते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेने गेलात तर सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते. सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात जाऊन येणं होतं. गणपतीच्या आधीचे दोन महिने टाळा, चितारी मंडळींचे हात तेव्हा मूर्तींत गुंतलेले असतात. पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतरचे दिवस बरे. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा, वीसपेक्षा जास्त जणी एका वेळी नेऊ नका, आणि वही-पेन विसरू नका.

ज्या गटांनी जायचं ठरवलं असेल त्यांनी या महिन्याच्या बैठकीत पाच प्रश्न पाचजणींत वाटून टाका. परत आलात की वहीत काय लिहिलंत ते रेडिओवर येऊन सांगा. पुढच्या गटाला तुमच्या वहीचा उपयोग होईल.